अंगठेबहाद्दर, आदर्शवादी आणि दहा लाख डॉलरची केस

(सातपूर एमआयडीसी. सकाळची शिफ्ट, गेटवर दुचाक्या.)

बाहेरचे लोक नाशिकला येतात ते रामासाठी, त्र्यंबकसाठी, फार तर द्राक्षांसाठी, पण इथल्या कितीतरी घरांचं घड्याळ चालतं ते शिफ्टवर. सातपूर, अंबड, सिन्नर, तिकडे ओझरला एचएएल. आणि या सगळ्या गेटांसमोरच्या चहाच्या टपऱ्यांवर एक वाद कायम चालू असतो, माणसं बदलतात पण वाद तोच. एक जण म्हणतो, शिकून काय दिवे लावले रे, तो अमका शेठ बघ, सहीच्या जागी अंगठा आणि इंजिनियर झालेली पोरं त्याच्या केबिनबाहेर फायली घेऊन उभी. दुसरा म्हणतो, हो, पण त्याचा दिवाणजी उद्या पळाला तर? मग पहिला म्हणतो दिवाणजी ठेवायची अक्कल होती ना त्याला, तीच खरी. मग भोंगा वाजतो आणि वाद उद्यावर जातो.

मोठं व्हायला लिहिता-वाचता यायलाच पाहिजे का?

पटकन हो म्हणावंसं वाटतं, पण थांबा. नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापतात. नोटेच्या मागच्या बाजूला त्या पट्ट्यात 15 भाषांमध्ये किंमत लिहिलेली असते, आणि त्यातली एकही भाषा न वाचता येणारा माणूस मार्केट यार्डात बंडल मोजताना चुकत नाही. रंग बघतो, आकार बघतो, बाकी बोटं सांगतात. कांद्याच्या लिलावात ट्रॉलीवर नुसती नजर टाकून माल किती टिकेल हे सांगणारी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यापुढे आपण डिग्रीवाले गप्प उभे राहतो. तेव्हा अक्षर आलं नाही म्हणजे डोकं नाही, असलं काही आम्ही या व्हिडिओत म्हणणार नाही.

पण आजची गोष्ट सुरू होते ती नाशिकपासून फार लांब. अमेरिकेत, डेट्रॉईट शहराजवळ.

(जुना फोटो: कारखान्यासमोर टोप्या घातलेल्या माणसांची प्रचंड गर्दी.)

जानेवारी 1914. हेन्री फोर्ड, वय 50, शेतकऱ्याचा मुलगा, गावच्या एका खोलीच्या शाळेत शिकलेला, कॉलेजचं तोंड न पाहिलेला. 1908 मध्ये त्याने मॉडेल टी गाडी काढली, 1913 मध्ये असेंब्ली लाइन चालवली, म्हणजे माणूस जागेवर उभा आणि गाडी त्याच्यासमोरून सरकत जाणार, आज आपल्या सातपूरच्या कुठल्याही प्लांटमध्ये दिसतं ते तिथलं बरं का. पण एकच बोल्ट दिवसभर आवळून माणसं वैतागायची आणि सोडून जायची. त्या एका वर्षात कामगार बदलायचं प्रमाण 370 टक्के होतं! म्हणजे 100 जागा भरलेल्या ठेवायच्या तर वर्षाला 370 माणसं भरायची. आणि अशात फोर्डने जाहीर केलं की दिवसाला पाच डॉलर देणार, जिथे आधी जेमतेम सव्वादोन-अडीच डॉलर मिळायचे, आणि काम नऊ तासांवरून आठ तास. पेपरवाल्यांना वाटलं याला वेड लागलं. हजारो लोक गेटवर जमले, त्या थंडीत गर्दी हटवायला त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले, आणि फोर्ड एका रात्रीत जगातला सगळ्यात दिलदार मालक ठरला.

दिलदार होता का? होता पण आणि नव्हता पण. कामगार टिकायला हवे होते हा हिशोब सरळ आहे. शिवाय त्या पाच डॉलरमधला जवळजवळ अर्धा भाग नफ्याचा वाटा म्हणून दिला जायचा आणि तो मिळायला अटी होत्या, कंपनीचे लोक घरी येऊन बघायचे, दारू पितो का, बचत करतो का, घर स्वच्छ आहे का, भाडेकरू किती कोंबलेत. म्हणजे पगार मालक देणार आणि संसार कसा करायचा तेही मालकच ठरवणार. आपल्याकडे 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तोच हा काळ. कारखाना म्हणजे नुसता नफा नाही, तिथून माणूस घडवायचा, हे वारं तेव्हा जगभर होतं. आमचं मत विचाराल तर त्यात काही चूक नाही, फक्त माणूस घडवणाऱ्याला कुणी घडवायचं हा प्रश्न तेवढा राहतो.

1914 मध्येच फोर्डने कामगारांसाठी इंग्रजीची शाळा काढली, कारण निम्म्याहून जास्त कामगार बाहेरच्या देशांतून आलेले, सूचना वाचता येत नव्हत्या. शिकून झालं की समारंभ व्हायचा, स्टेजवर भलंमोठं पातेलं मांडलेलं, एका बाजूने लोक आपापल्या देशाच्या कपड्यांत त्यात उतरायचे आणि दुसरीकडून सूटबूट घालून अमेरिकेचा झेंडा हलवत बाहेर यायचे. खरंच व्हायचं असं, आम्ही बनवून सांगत नाहीये. आणि गंमत बघा, त्याच 1914 साली इकडे नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाज सुरू झाला, आपण ज्याला मविप्र म्हणतो, खेड्यातल्या कुणब्यांच्या पोरांनी शहरात राहून शिकावं म्हणून. तिथे शिकवायचं कारण कारखान्याला हवं होतं, इथे शिकवायचं कारण पोरांच्या आईबापांना हवं होतं. फरक लहान वाटतो, पण तो पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

बरं, फोर्ड. 1915 च्या डिसेंबरमध्ये, युरोपात पहिलं महायुद्ध चालू असताना, या माणसाने स्वखर्चाने एक जहाज भाड्याने घेतलं आणि शांततेची माणसं त्यात भरून निघाला, नाताळच्या आत सैनिक खंदकातून घरी आले पाहिजेत म्हणून. युद्ध काही थांबलं नाही. फोर्ड बोटीवर आजारी पडला आणि नॉर्वेत पोचून थोड्याच दिवसांत परत फिरला. लोक खूप हसले. पण एक सांगू का, तेव्हाच्या किती राजांनी आणि पंतप्रधानांनी निदान तेवढं तरी केलं?

मग 1916. मेक्सिकोच्या सीमेवर सैन्य पाठवायचं होतं, आणि शिकागो ट्रिब्यून या पेपरने बातमी दिली की फोर्डचे जे कामगार या ड्युटीवर जातील त्यांची नोकरी जाणार. बातमी चुकीची होती. पण त्यावर अग्रलेख आला आणि त्यात फोर्डला अडाणी आदर्शवादी म्हटलं, वर अराजकवादी, देशाचा शत्रू, असंही. फोर्ड चिडला आणि दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला.

1919 चा उन्हाळा, मिशिगनमधलं माउंट क्लेमेन्स नावाचं छोटं गाव, आणि कोर्टात जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक. पेपरच्या वकिलाने काय डोकं लावलं बघा, त्याने ठरवलं की अराजकवादी वगैरे राहू दे, अडाणी हा शब्द तर खरा आहे एवढं सिद्ध करू. आणि कित्येक दिवस त्याने फोर्डची तोंडी परीक्षा घेतली. देशात क्रांती कधी झाली? फोर्ड म्हणाला 1812 मध्ये. (देश जन्मला 1776 च्या क्रांतीतून, आणि ते त्याला नंतर विचारल्यावर आठवलं.) बेनेडिक्ट अरनॉल्ड कोण होता? हा म्हणजे तिकडचा सूर्याजी पिसाळ, फितुरी म्हटलं की पोरंसोरं त्याचंच नाव घेतात. फोर्ड म्हणाला, लेखक असावा. कोर्टात हशा.

मग वकिलाने कागद पुढे केला, हे जरा मोठ्याने वाचता का?

फोर्ड वाचेना. चष्मा आणला नाही म्हणाला. परत विचारलं, परत टाळलं. शेवटी वकील म्हणाला की साहेब, लोकांना वाटेल तुम्हाला वाचताच येत नाही, तसंच वाटू द्यायचं का? आणि फोर्डने जे सांगितलं त्याचा मतलब असा, की वाटू द्या, मी भरभर वाचणारा नाही, वर सर्दीचा त्रास आहे, वाचायला गेलो तर घोळ घालीन.

त्याला वाचता येत होतं. शाळेत गेला होता, खिशात टिपणवही असायची. पण चारचौघांत वाचण्यापेक्षा निरक्षर समजलेलं त्याला परवडलं.

ज्युरीत जवळजवळ सगळे शेतकरी होते. निकाल फोर्डच्या बाजूने लागला, बदनामी झाली म्हणाले, आणि भरपाई किती? सहा सेंट. दहा लाख डॉलर मागितले आणि हातात पडले सहा सेंट! शहरातल्या पेपरांनी यथेच्छ टर उडवली. पण खेड्यापाड्यातली माणसं फोर्डच्या बाजूने उभी राहिली, कारण त्यांना त्याच्यात आपला माणूस दिसला, इतिहासाची सनावळी आम्हालाही येत नाही, पण आमच्या दारात जी गाडी उभी आहे ती याने दिली, त्या वकिलाने नाही. हे आपल्याला कळायला अवघड नाही. सातपूरच्या टपरीवरचा पहिला माणूस हेच तर म्हणतोय.

(मोबाइलच्या स्क्रीनवर सरकणाऱ्या रील्स.)

आणि इथपर्यंतची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल, कारण मोटिव्हेशनवाल्या रील्समध्ये ती फिरत असते. त्यात फोर्ड वकिलाला सुनावतो की माझ्या टेबलावर बटणं आहेत, बटण दाबलं की त्या विषयाचा तज्ज्ञ हजर होतो, मग मी डोक्यात कचरा कशाला भरू? मग म्युझिक वाढतं आणि टाळ्या. ती बटणं होती की नव्हती ते सोडा. रील तिथे संपतं हीच अडचण आहे. बटण दाबल्यावर माणूस येतो हे ठीक, पण आलेला माणूस खरं सांगतोय का, अर्धं सांगतोय का, तुमच्या नावावर स्वतःचं काही खपवतोय का, हे कोण बघणार? त्याचं बटण कुठेय?

आपल्या देशात याचं जुनं उदाहरण आहे, अकबर बादशहा. लिहिता-वाचता येत नव्हतं असंच मानतात, पण ग्रंथालय अफाट, आणि रोज पुस्तकं वाचून घ्यायचा. अबुल फजलने लिहून ठेवलंय की वाचणारा जिथे थांबेल तिथे बादशहा स्वतः खूण करायचा आणि पानं मोजून वाचणाऱ्याला पैसे द्यायचा. पुढच्या दिवशी त्याच खुणेपासून पुढे. म्हणजे डोळे दुसऱ्याचे, पण वाचन याचंच, एक पान गाळायची सोय नाही. आणि ज्याला हे जमतं त्याला निरक्षर म्हणायला जीभ रेटत नाही.

फोर्डने काय केलं? त्याने 1918 च्या शेवटी एक साप्ताहिकच विकत घेतलं, डिअरबॉर्न इंडिपेंडंट. ट्रिब्यूनच्या केसचा निकाल लागायच्या आधीच. 1920 मध्ये त्यात ज्यूंच्या विरोधात लेखमाला सुरू झाली, सलग 91 आठवडे, जगातल्या सगळ्या वाईटाच्या मागे हेच लोक, अशा थाटाची. अत्यंत विखारी मजकूर. फोर्डच्या गाड्या विकणाऱ्या डीलर्सनी हे साप्ताहिकही खपवायचं, खप लाखांच्या घरात. त्यात फोर्डच्या नावाचं एक पान असायचं, आणि ते लिहायचा कोण, तर विल्यम कॅमेरॉन नावाचा माणूस. त्या लेखांची पुस्तकं झाली, जर्मनीत भाषांतरं गेली, ती तिथे कोणी वाचली ते आपल्याला माहीत आहे. आणि 1938 मध्ये, फोर्डच्या पंच्याहत्तरीला, नाझी सरकारने त्याला पदक दिलं आणि त्याने ते घेतलं.

पण त्याच्या आधी आणखी एक केस झाली, आणि ती नाशिक जिल्ह्याने मन लावून ऐकावी अशी आहे.

आरन सापिरो नावाचा एक वकील होता, तो अमेरिकेत गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे सहकारी संघ बांधत होता. एकेकट्याने माल विकू नका, एकत्र विका, भाव आपण ठरवू. लासलगावच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. फोर्डच्या साप्ताहिकाने त्याच्यावर लेख छापले की हा ज्यूंचा कट आहे, शेतकऱ्यांना गिळायचा. सापिरोने दावा ठोकला, आणि मागितले किती, तर दहा लाख डॉलरच. 1927 मध्ये डेट्रॉईटमध्ये केस उभी राहिली. कॅमेरॉनने साक्ष दिली की सगळं मी केलं, फोर्डसाहेब आधी काही बघत नव्हते. फोर्ड स्वतः साक्षीला आलाच नाही, मध्येच त्याच्या गाडीला अपघात झाला, केस त्या फेरीत निकालाविना मोडली, आणि मग फोर्डच्या नावाने माफीनामा निघाला. त्यात काय होतं? की माझा व्याप एवढा मोठा, मला स्वतः लक्ष घालायला वेळच मिळाला नाही, आत काय छापलंय ते आता कळलं आणि धक्का बसला. आणि तो माफीनामाही त्याने लिहिलेला नव्हता, लुई मार्शल नावाच्या ज्यू वकिलाने मसुदा करून दिला होता!

आता दोन्ही केस शेजारी ठेवून बघा. 1919 मध्ये वाचत नाही ही बेइज्जती होती, आणि आठ वर्षांनी तीच पळवाट झाली, मी वाचलंच नव्हतं. आम्हाला तर वाटतं की पहिल्या केसमध्ये लोकांनी जो जिव्हाळा दाखवला त्यानेच घात केला, वाचलं नाही तरी चालतं, उलट शोभून दिसतं, हे त्याला तिथे कळलं. गाडी स्वस्त केली, पगार वाढवला, त्याबद्दल त्याला मोठा म्हणा, आम्हीपण म्हणू, पण स्वतःच्या नावाखाली काय छापलं जातंय ते न वाचणाऱ्याला साधा भोळा म्हणायला आम्ही तयार नाही. साक्षर होता तो. हीच तर खरी गोम आहे.

(दिंडोरी तालुका, द्राक्षबाग.)

आणि हे तिकडचंच आहे असं समजू नका. 2010 मध्ये आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, दिंडोरी-निफाडच्या जुन्या बागायतदारांना विचारा, आजही तोंड कडू होतं. क्लोरमेक्वाट नावाचं वाढ रोखणारं औषध, आपण सीसीसी म्हणतो ते, त्याचा अंश सापडला. युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच, म्हणून कुणी तपासलंही नव्हतं. या साखळीत शिकलेली माणसं होती, सर्टिफिकेटं होती, इंटरनेटवर प्रत्येक बागेची नोंद होती. कमी होती ती अक्षरओळखीची नव्हे, नियमाची ती एक ओळ वेळेवर कुणी वाचून कामाला लावायची. त्याच सुमाराला मोहाडीला सह्याद्रीची शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी उभी राहत होती, विलास शिंदेंच्या पुढाकाराने, आणि 2022 मध्ये तिथे युरोपातल्या गुंतवणूकदारांचे 310 कोटी रुपये आले. आज तिथे माल देणाऱ्या शेतकऱ्याला कुठलं औषध, किती दिवस आधी बंद, कुठल्या देशाला किती अंश चालतो, हे सगळं सांभाळावं लागतं. मग ते स्वतः वाचो नाहीतर लेकीकडून वाचून घेवो.

(गोदाघाट. गाडगे महाराज पूल, पलीकडे धर्मशाळा.)

आणि आता हा माणूस, ज्याच्या नावाचा पूल आपण रोज ओलांडतो आणि वर बघत पण नाही.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परीट घर. शाळा नाही, अक्षर नाही. मामाकडे वाढला, आणि चरित्रांत सांगतात की मामाची जमीन सावकाराच्या कागदात गेली, पैसे फेडले तरी गेली, कारण पावती काय आणि कागदावर लिहिलंय काय ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. निरक्षर असण्याची किंमत या माणसाला कुणी व्याख्यानातून सांगितली नव्हती, ती डोळ्यांसमोर नांगरटीला आलेली जमीन जाताना कळली होती.

पुढे गाडगेबाबांनी काय काय उभं केलं ते एखाद्या कंपनीच्या मालकाच्या नजरेने बघा. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई, सगळीकडे धर्मशाळा, शिवाय सदावर्तं, गोरक्षण, शाळा, वसतिगृहं. पैसा लोकांचा, जमीन घ्यायची, बांधायची, चालवायची, हिशोब ठेवायचा. वाचणारी-लिहिणारी माणसं हाताशी होती, म्हणजे बटणं यांच्याकडेपण होती म्हणा. पण घरच्यांना त्यातला रुपया मिळू दिला नाही, कुणाला शिष्य केलं नाही, मी कुणाचा गुरू नाही म्हणायचे. आणि कीर्तन कसं, तर स्वतः बोलण्यापेक्षा समोरच्यालाच विचारायचे. देवाला अंघोळ कोण घालतं? आपण. देवाला धोतर कोण नेसवतं? आपण. मग ज्याला स्वतःचं धोतर नेसता येत नाही तो तुम्हाला काय देणार? माणसं हसायची आणि हसता हसता गप्प व्हायची. उलटतपासणीच ती, माउंट क्लेमेन्सच्या वकिलाला जमली नसती अशी.

आता टपरीवरचा पहिला माणूस म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं, अंगठेबहाद्दर आणि केवढा मोठा माणूस! बरोबर आहे. पण बाबा स्वतः काय सांगत फिरले ते पण ऐका ना राव. जेवायचं ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला स्वस्तातलं लुगडं घ्या, पण पोरांना शाळेत घाला, हे त्यांनी गावोगाव सांगितलं. माझं अडलं नाही, तुमचंही अडणार नाही, असं म्हणायचा हक्क महाराष्ट्रात कुणाला असेल तर तो त्यांना होता, आणि नेमकं तेच त्यांनी कधी म्हटलं नाही.

आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ अमरावतीत आहे. आपल्या नाशिकात गंगापूर धरणाच्या वाटेवर 1989 पासून मुक्त विद्यापीठ आहे, शाळा-कॉलेज सुटलेल्यांसाठी, आणि कंपनीतून शिफ्ट करून रविवारी तिथल्या अभ्यास केंद्रावर बसणारी माणसं तुमच्या गल्लीत नक्की असतील.

आणि पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा. ज्यांना बाकीच्या ठिकाणी आत घ्यायचे नाहीत त्या वारकऱ्यांसाठी बाबांनी ती बांधली होती. चालू होती, लोकांना हवी होती. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या वसतिगृहासाठी जागा पाहिजे होती, तेव्हा बाबांनी ती अख्खी इमारत सोसायटीच्या नावावर करून दिली.